घरातील बंदूक आणि घरातील मूल

बंदूक असलेल्या घरात ती नेमकी कोठे ठेवलेली असते, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण ज्या घरात लहान मूल रांगू लागले, चालू लागले, कपाटे उघडू लागले, त्या घरात याहून मोठा प्रश्न क्वचितच असेल. तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती असावी याविषयी घरोघरी काटेकोर दंडक असतात. सोन्याचे चार दागिने कुलपात जातात. औषधाची बाटली, रॉकेलचा डबा, उंदरांचे विष ही मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत हे आता खेड्यापाड्यांतील गृहिणीसही सांगावे लागत नाही. बंदूक मात्र पुष्कळदा दिवाणखान्यातील खुंटीवर, माळ्यावरील गोणपाटाखाली किंवा पलंगाच्या उशाशी राहते. आणि तिला कुलूप घाला असे म्हणण्याचा धीर घरात कोणासही होत नाही.

असे का व्हावे याला इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने या देशातील सामान्य माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले. युरोपियनांना परवान्याची सक्ती नव्हती, हिंदी माणसाला मात्र होती. त्यामुळे ज्याला परवाना मिळाला त्याच्या लेखी तो केवळ कागद राहिला नाही. तो सरकारदरबारी असलेल्या पतीचा दाखला ठरला. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा संस्थानी नगरांतील मराठी घराण्यांत तलवारीशेजारी बंदूकही टांगली जाऊ लागली. आल्यागेल्याला ती दिसावी, आजोबांच्या शिकारीची गोष्ट तिच्याकडे बोट दाखवून सांगता यावी, हा त्यामागील हेतू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपला. बंदूक मात्र खुंटीवर तशीच राहिली. उपयोग गेला आणि मान उरला, अशी तिची अवस्था झाली.

दुसरी बंदूक शेतकऱ्याची. खानापूर तालुक्याच्या जंगलालगतच्या वाड्या, गोव्यातील सत्तरीसारखा डोंगराळ भाग, या ठिकाणी रानडुकरांनी एका रात्रीत भाताचे किंवा रताळ्याचे शेत उकरून टाकावे हा नित्याचा अनुभव. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी वापरावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो याच गरजेपोटी. ही बंदूक शोभेची नव्हे, कामाची. ती संध्याकाळी खांद्यावरून माळावर जाते, पहाटे परत येते आणि थकलेला माणूस ती दाराआड उभी करून झोपी जातो.

तिसरी बंदूक, म्हणजे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर, शहरातील व्यापाऱ्याच्या किंवा कंत्राटदाराच्या घरी असते. ती संरक्षणासाठी घेतलेली. म्हणून रात्री उशीखाली आणि दिवसा टेबलाच्या खणात. चंबळच्या परिसरात तर खांद्यावरची बंदूक हा प्रतिष्ठेचा अलंकारच मानला जातो, आणि तेथून जवळच असलेल्या ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीला ही रीत परकी नाही.

या तिन्ही बंदुकांचे धनी भिन्न, कारणे भिन्न. परंतु तिन्ही घरांत मूल मात्र एकच असते: तेच कुतूहल, तीच बोटे, तीच मोठ्यांची नक्कल करण्याची हौस. दिवाळीत त्याच्या हाती टिकल्यांची पिस्तूल मोठ्यांनीच दिलेली असते. ती भावावर रोखली म्हणजे सारे हसतात, हे ते शिकलेले असते. खेळण्याची पिस्तूल कोणती आणि खरी कोणती हा भेद त्याने खणातून वस्तू बाहेर काढता काढता करावा, अशी अपेक्षा धरणे हा मोठ्यांचा भोळेपणा आहे.

या भोळेपणाची परीक्षा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शास्त्रीय रीतीने घेतली गेली. तेथे नागरिकांच्या घरी बंदुका फार. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यासही तेथेच अधिक झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटाने एका खोलीत बसविण्यात आले. खोलीतील एका खणात खरे पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. ४८ मुलांना ते सापडले. त्यांपैकी ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांतील जवळजवळ निम्म्यांना ते खेळणे वाटले, किंवा ते खरे की खोटे याचा निर्णय करता आला नाही. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी पिस्तूल हाताळले किंवा चाप ओढला त्यांच्यापैकी दहांतील नऊंहून अधिक मुलांना बंदुकीपासून सावध राहण्याची शिकवण आधी मिळालेली होती. शिकवण डोक्यात होती. पण हात आपल्या मार्गाने गेला.

लहान मुलाच्या बोटांत चाप ओढण्याइतका जोर नसतो, अशीही एक समजूत आहे. १९९५ साली या समजुतीचे मोजमाप झाले. दोन्ही हातांच्या तर्जनी एकत्र लावून १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंचा, जोर किती मुले लावू शकतात हे पाहिले गेले. ३ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, ५ ते ६ वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के आणि ७ ते ८ वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्के मुलांना तो लावता आला. बालवाडीत जाणाऱ्या चार मुलांपैकी एकाच्या अंगी हे सामर्थ्य असते, असा याचा अर्थ.

तिसरी समजूत आईबापांची: बंदूक कोठे ठेवली आहे हे मुलाला ठाऊकच नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत आईबापांना व मुलांना निरनिराळे विचारण्यात आले. आपल्या मुलाला जागा माहीत नाही असे जे पालक सांगत होते त्यांच्यापैकी ३९ टक्के पालकांना त्यांच्या मुलांच्याच उत्तरांनी खोटे पाडले. मुलाने बंदुकीला कधीही हात लावलेला नाही असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांची गतही तीच झाली. ज्याने लाडवांचा डबा कोणत्या फळीवर ठेवला आहे हे घरातील मुलांपासून लपविण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला या आकड्यांचे नवल वाटू नये. लपविणे आणि कुलपात ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लपविलेली वस्तू शोधणे हा तर बालपणीचा सर्वांत आवडता खेळ. उंच जागा ही केवळ स्टुलाची उंची विचारते.

आता बंदुकीच्या रचनेकडे वळावे. कारण पुष्कळसे अपघात ‘ती रिकामी होती’ या एका वाक्याने सुरू होतात. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडाकडून दारू, बोळा आणि छर्रे ठासून भरावे लागतात आणि मागे निपलावर टोपी बसवावी लागते. तिचा बार भरणे हे वेळेचे काम, आणि भरलेला बार काढणे त्याहून कटकटीचे. म्हणून डुक्कर आले नाही की ती बंदूक भरलेलीच घरी येते आणि भरलेलीच कोपऱ्यात उभी राहते. टोपी काढली म्हणजे झाले, असे मानले जाते. परंतु टोपी काढली तरी दारू आतच असते, टोप्यांची डबी शेजारच्या कोनाड्यात असते, आणि टोपी बसवून घोडा ओढताना मुलाने बापाला शंभरदा पाहिलेले असते. भरलेली बंदूक घरात आणावयाची नाही, हाच येथे एक नियम. बार शेतावरच, जमिनीच्या सुरक्षित उतारात मोकळा करावा किंवा गजाला लावलेल्या फिरकीने जाणत्या माणसाने तो बाहेर काढावा. दारूचा साठा थोडा असावा. चुलीपासून, देव्हाऱ्यातील समईपासून व विजेच्या बोर्डापासून दूर असावा आणि तोही कुलपात असावा.

बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा प्रकार निराळा. ती मधोमध मोडून काडतुसे घालता येतात आणि काढताही येतात. त्यामुळे ती रिकामी आहे की नाही हे पाहणे अगदी सोपे. तरीही अपघात होतात, कारण पाहिले जात नाही. शिवाय ज्या दुनळीचे घोडे आत दडलेले असतात ती उघडून मिटली की तिचे घोडे चढलेलेच राहतात, आणि बाहेरून ते दिसत नाहीत. पिस्तुलाची फसवणूक याहून सूक्ष्म आहे. दस्त्यातील मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते. परंतु एक गोळी आधीच नळीच्या मुखाशी चढलेली असू शकते. मॅगझिन टेबलावर आणि मरण नळीत, अशी ही स्थिती. म्हणून क्रम असा: नळीचे तोंड जेथे कोणी नाही अशा दिशेला, बोट चापाच्या बाहेर, प्रथम मॅगझिन काढावे, मग मागील पट्टी ओढून नळीचे मुख उघडावे, डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपून पुन्हा पाहावे. सुरक्षा-खटका हा बंदूक हातात असतानाचा उपाय होय. घरात ठेवण्याचा तो उपाय नव्हे. जो खटका मोठ्याच्या अंगठ्याने सरकतो तो मुलाच्याही अंगठ्याने सरकतो.

एअर गनचा उल्लेखही येथे केला पाहिजे. ठरावीक शक्तीखालील एअर गनला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळण्यांच्या रांगेत जाऊन बसते. पण तिच्या छर्‍याने डोळा जातो, आणि गेलेला डोळा परत येत नाही. तिचीही जागा कुलपातच.

मग सुरक्षित ठेवण म्हणजे नेमके काय? २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाने चार गोष्टींचा विचार केला: बंदूक रिकामी ठेवणे, ती कुलपात ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि काडतुसे बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणे. या चारांपैकी प्रत्येक गोष्टीचा मुलांच्या व किशोरांच्या अपघातांपासून आणि आत्मघातापासून बचाव होण्याशी संबंध दिसून आला. चारही गोष्टी कोणत्याही घराला करता येण्याजोग्या आहेत. त्यांसाठी परदेशी यंत्र लागत नाही. पोलादी पत्र्याचे, आतून कडी असलेले कपाट, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टांनी जखडलेले, हे पुरेसे. दुनळीची नळी आणि दस्ता वेगळे करता येतात. ते वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले तर एक पेटी उघडी राहिली तरी मुलाच्या हाती लोखंडाची नळी तेवढी येईल. रायफलीचा बोल्ट काढून तो निराळा ठेवता येतो. चापावर बसणारे किंवा यंत्रातून तार ओवून लावायचे कुलूप मिळते. ते कपाटाला पर्याय म्हणून नव्हे, तर जोड म्हणून वापरावे, आणि भरलेल्या बंदुकीच्या चापावर ते कदापि बसवू नये.

कुलपाहून किल्ली महत्त्वाची. बंदुकीच्या कपाटाची किल्ली घरच्या जुडग्यात असेल तर ते कुलूप नावापुरतेच. दाराआडच्या खिळ्यावर, देवघरातील फोटोमागे, फडताळातील जुन्या पेल्यात किल्ली ठेवण्याची सवय सर्व घरांना असते, आणि ती जागा घरातील मुलांना सर्वांत आधी कळते. परवाना ज्याच्या नावे आहे त्याने किल्ली आपल्या अंगावर बाळगावी. काडतुसांची किल्ली निराळी असावी. काडतुसांची मोजदाद वहीत असावी. परवान्यावर खरेदीची नोंद होतेच, तिच्याशी ही वही महिन्यातून एकदा ताडून पाहावी. एक काडतूस कमी भरले तर ते सापडेपर्यंत घरात दुसरे काम होऊ नये.

कोकण-गोव्याच्या बाजूला एक अडचण सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. पावसाळ्यात बंद कपाटात लोखंडाला गंज चढतो. म्हणून वारा लागावा यासाठी बंदूक बाहेर टांगतात. यावर उपाय आहे. नळीला आतबाहेर पातळ तेलाचा हात द्यावा. चामड्याच्या म्यानात ती ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात, आणि पंधरा दिवसांतून एकदा, मुले शाळेत गेलेली असताना, कपाट उघडून बंदूक पुसून ठेवावी. गंजाचे भय खरे असले तरी त्यासाठी मुलाचा जीव खुंटीला टांगावा असे नाही.

यापेक्षा मोठा आक्षेप चोराचा. कुलपात ठेवलेली बंदूक ऐन वेळी काय कामाची, असे पुष्कळ गृहस्थ विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे. अमेरिकेतील तीन शहरांत घरांतून झालेल्या गोळीबारांच्या नोंदी तपासून १९९८ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरातील बंदूक एकदा आत्मसंरक्षणार्थ किंवा कायदेशीर कारणाने चालली, तर त्या एका वेळेमागे ४ वेळा ती अपघाताने, ७ वेळा गुन्ह्यात आणि ११ वेळा आत्महत्येत वा तशा प्रयत्नात चालली होती. आपल्याकडची परिस्थिती तीच आहे असे नव्हे. पण चोर वर्षानुवर्षांत एखादे वेळी येईल किंवा न येईल. मूल तर त्या घरात रोज उठते, रोज हिंडते आणि रोज एक नवी वस्तू उघडून पाहते. धोका मोजावयाचा तर दोन्ही पारड्यांत घालून मोजावा. शिवाय निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांच्या बंदुका पोलिस ठाण्यात आठवडेच्या आठवडे जमा असतात. त्या दिवसांत घरे चालतात, माणसे झोपतात आणि दारे बंद करून सुरक्षित राहतात. मजबूत दार, चांगली कडी, अंगणातला दिवा आणि जागरूक शेजारी ही संरक्षणाची साधने उशीखालच्या पिस्तुलापेक्षा जुनी आहेत, आणि त्यांच्यापासून मुलांना अपाय होत नाही. ज्यांना खरोखरच जिवाचे भय आहे त्यांच्यासाठी आकड्यांच्या खुणेने क्षणात उघडणाऱ्या लहान पोलादी पेट्याही मिळतात.

‘आमचे मूल सांगितलेले ऐकते’ हा दुसरा आक्षेप. वर सांगितलेल्या प्रयोगानंतर त्याला फारसा आधार उरत नाही. याचा अर्थ मुलांना काही शिकवू नये असा नाही. त्यांना अवश्य शिकवावे. पण थोडे आणि पुनःपुन्हा: कोठेही बंदूक दिसली तर तिला हात लावावयाचा नाही, तेथून लगेच निघावयाचे आणि मोठ्या माणसाला जाऊन सांगावयाचे. सांगणाऱ्या मुलाला रागावू नये, कारण एकदा बोलणे खाल्लेले मूल दुसऱ्यांदा सांगत नाही. मात्र ही शिकवण म्हणजे कुलूप नव्हे. विहिरीला कठडा बांधल्यावर मुलाला ‘काठाशी जाऊ नकोस’ असे सांगणे हे शहाणपण. कठड्याऐवजी तेवढेच सांगणे ही बेफिकिरी.

काही दिवस विशेष धोक्याचे असतात. खंडेनवमीला घरातील शस्त्रे बाहेर निघतात, झेंडूच्या माळा पडतात, मुले हळदकुंकू वाहतात आणि छायाचित्रासाठी एखाद्याच्या हाती बंदूक दिलीही जाते. ही पूजा श्रद्धेने व्हावी. परंतु पाटावर मांडण्यापूर्वी बंदूक दोघा मोठ्या माणसांनी उघडून पाहावी, पूजेत काडतुसे ठेवू नयेत, आरती होईपर्यंत एक जबाबदार माणूस तेथून हलू नये, आणि प्रसाद वाटण्याआधी बंदूक पुन्हा कपाटात जावी. लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढण्याची चाल उत्तरेकडे आहे. तिने किती घरांचा आनंद मातीस मिळविला हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस सांगावयास नको. २०१९ च्या दुरुस्तीने अशा निष्काळजी गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या आहेत. बंदूक साफ करण्याचा दिवस, पाहुणा बंदूक घेऊन उतरला तो दिवस, घर बदलण्याचा दिवस: हेही असेच. नित्याची जागा मोडते आणि लक्ष दुसरीकडे असते.

आणखी एक दिवस असा की ज्याचा विचार कोणी करीत नाही. परवानाधारक वृद्ध गृहस्थ निवर्ततो. दुःखाच्या भरात त्याच्या खोलीला हात लावला जात नाही, आणि उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे ती खोली खेळण्यास घेतात. परवाना माणसाच्या नावे असतो. त्याच्यामागे ती बंदूक घरात तशीच पडून राहणे कायद्यालाही मान्य नाही. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी आणि वारसाला हवी असल्यास त्याने रीतसर अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वडिलार्जित बंदुकांचा प्रश्न त्यामुळे अनेक घराण्यांपुढे आलेला आहे. ज्यांना त्यांचा उपयोग नाही त्यांनी हा प्रसंग विचार करण्याची संधी मानावी. बंदूक जमा केल्याने आजोबांची गोष्ट नाहीशी होत नाही. ती गोष्ट छायाचित्राकडे बोट दाखवूनही सांगता येते.

लहान मुलांविषयी बोलताना घरातील थोरल्या मुलाचाही विसर पडू नये. पंधरा-सोळाव्या वर्षी परीक्षेतील अपयश, घरच्यांचे बोलणे किंवा मैत्रीतील बेबनाव यांनी मन क्षणात काळवंडते. हा अंधार पुष्कळदा काही तासांत, कधी काही मिनिटांतही ओसरतो. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सारे अवलंबून असते. कुलूप अशा वेळी फार मोठे काम करते. ते वेळ मिळवून देते, आणि वेळ मिळाला की कोणीतरी दार ठोठावते, कोणीतरी जेवावयास हाक मारते. घरात कोणी उदास दिसत असेल, तर तेवढ्या काळापुरती बंदूक घराबाहेर जमा करणे हाच शहाणपणाचा मार्ग. एकवीस वर्षांखालील व्यक्तीने बंदूक बाळगू नये असे कायद्याने ठरविले आहे, त्यामागेही वयाचा हाच विचार आहे.

काही देशांनी ही जबाबदारी केवळ घरमालकाच्या सद्बुद्धीवर सोडलेली नाही. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वर्षांच्या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे झाले. त्यांत खून व आत्महत्या यांचा वाटा मोठा आहे, अपघातांचा त्या मानाने लहान. परंतु घरातील उघडी बंदूक ही तिन्ही वाटांनी जाऊ शकते. मुलाच्या हाती बंदूक लागू देणाऱ्या प्रौढास जबाबदार धरणारा पहिला कायदा तेथे फ्लोरिडा राज्याने १९८९ साली केला. असे कायदे झालेल्या १२ राज्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ वर्षांखालील मुलांचे बंदुकीच्या अपघातांतील मृत्यू अपेक्षेहून २३ टक्क्यांनी कमी आढळले. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर बंदूक कुलपात ठेवण्याचे कडक नियम केले. भारतात २०१६ च्या शस्त्रास्त्र नियमांनी परवाना घेणाऱ्यासाठी जे प्रशिक्षण सांगितले आहे त्यात बंदूक सुरक्षितपणे हाताळणे व ठेवणे यांचा समावेश आहे. परंतु कायदा दारापर्यंत येतो. आत खुंटी आहे की कपाट, हे त्या घरातील माणसेच ठरवितात.

आज अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही थोडी नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरी बंदूक नसेल. परंतु मूल शेजारच्या घरी खेळावयास जाते. तेथील बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात की, मूल पाठविण्यापूर्वी त्या घरी बंदूक आहे काय आणि असल्यास ती कुलपात आहे काय, हे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच वाटतो. पण घरी कुत्रा आहे काय, मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हे ज्या सहजतेने बोलले जाते त्याच सहजतेने हेही बोलता येते.

हा संकोच आपल्याकडे घरातल्या घरातच असतो. बंदूक पुरुषांची आणि त्यातही वडिलधाऱ्यांची. तिच्याविषयी सुनेने काय बोलावे, असा समज. वस्तुतः मुलाच्या मागे दिवसभर धावणारी तीच असते, आणि स्टूल कोठे सरकले, कोणता खण उघडा राहिला हे तिलाच प्रथम कळते. ‘मामंजी, बाळ आता स्टुलावर चढू लागलंय. बंदूक कपाटात ठेवता का? किल्ली आपल्याचपाशी असू द्या,’ एवढे वाक्य तिने म्हटले तर त्यात मर्यादेचा भंग कोठेच होत नाही. बंदुकीवरील हक्क सासऱ्यांचाच राहतो, किल्लीही त्यांच्याचपाशी राहते. आणि ज्या वृद्धाने आयुष्यभर शस्त्राची अदब राखली त्याला हे पटावयास वेळ लागू नये; कारण ज्या नातवासाठी घराण्याची नावनिशाणी जपावयाची, तो नातू आधी जपला पाहिजे. हे काम सणाची किंवा मुहूर्ताची वाट पाहत नाही. बंदूक उघडून पाहणे, काडतुसे मोजणे, कपाटाला कुलूप लावणे आणि किल्ली खिशात टाकणे, याला आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आत अर्धा तास पुरे आहे.